नऊशे रुपयांचे मिलिटरी बूट

एप्रिल निम्मा सरला होता. साताऱ्याच्या बाजारात एका दुकानाबाहेर ते बूट टांगलेले दिसले. काळे कुळकुळीत, घोट्याच्या वर चांगले चार बोटं जाणारे, पुढे पितळी दिसणाऱ्या रिंगा, आतल्या बाजूला चेन आणि तळाच्या कडेनं पिवळ्या दोऱ्याचा ठसठशीत टाका. दुकानदार म्हणाला, "मिलिटरी बूट आहे, पाच वर्षं बघायचं काम नाही." भाव बाराशे सांगितला आणि नऊशेला दिला. आमच्या जिल्ह्यात घरटी कुणी ना कुणी फौजेत असतं, अपशिंगे गावाच्या तर नावापुढेच 'मिलिटरी' लागलेलं आहे. त्या शब्दावर माझा विश्वास बसायला वेळ लागला नाही.

मी एका ठेकेदाराकडे साइट सुपरवायझर आहे. दिवसाचे नऊ-दहा तास पायांवर असतो. तो उन्हाळा माण तालुक्यात सलग समतल चर खोदायच्या कामावर गेला, आणि पाऊस सुरू झाल्यावर आम्हाला आंबेनळी घाटाच्या पायथ्याला, पोलादपूरच्या बाजूला, मोऱ्या मोकळ्या करायला पाठवलं. म्हणजे आधी तापलेला मुरूम आणि नंतर शेवाळलेला दगड. बुटाची याहून कडक परीक्षा मला तरी माहीत नाही. ते बूट या परीक्षेत तीन महिनेही टिकले नाहीत.

पहिली चूक माझीच, मापाची. माझा नंबर 8. तो घातला तर चवड्याला घट्ट बसला. दुकानदारानं लगेच 9 नंबर पुढे केला. रुंदीला बरा वाटला म्हणून मी घेतला. पण पुढे बोटभर जागा मोकळी राहिली आणि टाच आत वरखाली होऊ लागली. चढताना टाच घासायची आणि उतरताना अख्खा पाय पुढे सरकून अंगठा बुटाच्या टोकावर आदळायचा. आठवड्याभरात दोन्ही टाचांना फोड आले. पंधरा दिवसांत उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं आणि पुढे गळून पडलं. नवं नख पूर्ण यायला वर्ष गेलं. सगळे म्हणायचे, "नवा जोडा चावतोच, सवय होईल." सवय झाली नाही.

मेमध्ये चवड्याजवळ, जिथे बूट वाकतो तिथे, वरची चकाकी तडकली आणि खालून पांढरं कापड दिसू लागलं. जूनच्या पहिल्या चिखलात चेनचे दात अडकले. एका संध्याकाळी ती ओढता ओढता मुळापासून उसवली. जुलैत एका मोरीच्या तोंडाशी उभा असताना उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला. मला ते कळलं नाही. पुढचं पाऊल टाकलं तेव्हा सुटलेला तळ दगडाखाली दुमडला आणि मी घसरलो. खाली फार खोल नव्हतं म्हणून वाचलो. घोटा मुरगळला, सूज उतरायला बारा दिवस गेले आणि त्या दिवसांची हजेरी गेली. नऊशे रुपये राहिले बाजूला, दवाखाना आणि बुडालेले दिवस मिळून त्याच्या कितीतरी पट गेले.

बरा झाल्यावर मी ते दोन्ही बूट पिशवीत घालून एसटी स्टँडबाहेर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या चर्मकारांकडे नेले. मला ते शिवून घ्यायचे होते. त्यांनी बूट हातात घेतला, फिरवून बघितला आणि आरीचं टोक त्या पिवळ्या टाक्याखाली घातलं. टाका उचललाच नाही. त्यांनी आरी जरा दाबली, तर टाक्याचा तुकडा रबराच्या कपच्यासारखा निघून आला.

"साहेब, हा टाका नाही, नक्षी आहे," ते म्हणाले. "साच्यातच उठवलीय आणि वरून पिवळा रंग मारलाय."

मग त्यांनी सुटलेला तळ दोन बोटांनी धरून मागे ओढला. फारसा जोर न लावता तो टाचेपर्यंत सोलून आला. आत नुसता वाळलेल्या चिकटद्रव्याचा पिवळट पापुद्रा होता. सुखतळा उचलला तर खाली पुठ्ठा. पावसानं भिजून तो पापडाच्या लाटीसारखा मऊ झाला होता, नखानं कोरता येत होता. मध्ये, पायाच्या कमानीखाली, जी ताठ पट्टी असायला हवी ती नव्हतीच. रापीनं त्यांनी वरच्या भागाचा एक कोपरा कापून माझ्या हातात दिला आणि कड बघायला सांगितली. कातडं कापलं की कडेला तंतू दिसतात, केसाळ, एकमेकांत गुंतलेले. इथे विणलेलं कापड होतं आणि त्यावर रंगाचा जाड थर.

"काका, शिवता येईल का?"

"शिवीन, पैसे पण घेईन. पण टाका धरायला आत काही पाहिजे ना? पुठ्ठ्यात टाका धरत नाही."

त्यांच्या बाजूलाच दुरुस्तीला आलेला एक हिरवा कॅनव्हासचा जंगलबूट पडला होता. आपल्याकडचे ट्रेकवाले आणि शेतकरी ज्याला हंटर म्हणतात तो. माझ्या बुटाच्या निम्म्या किमतीचा. त्याच्या रिंगा गंजलेल्या, कापड विटलेलं, पण तळ जागच्या जागी. दोन पावसाळे झालेत, असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून मी स्वस्त बुटाला नावं ठेवत नाही. हंटर स्वस्त आहे आणि स्वस्तच दिसतो. कापड आणि रबर यापलीकडे तो कशाचाही आव आणत नाही. माझ्या बुटात मात्र सगळा खर्च दिसण्यावर झाला होता आणि पायाखाली पुठ्ठा होता.

घरी आल्यावर मी हे सगळं मामांना सांगितलं. मामा हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी माळ्यावरचे स्वतःचे जुने डीएमएस बूट काढून दाखवले. पोलीस, एनसीसी, होमगार्ड, सगळ्यांच्या तोंडी हा डीएमएस शब्द असतो. त्याचा अर्थ डायरेक्ट मोल्डेड सोल. बुटाचा वरचा भाग साच्यावर चढवतात आणि उष्णता व दाब देऊन तळ थेट त्यालाच घडवतात. तयार तळ आणून चिकटवायचा हा प्रकारच नाही, त्यामुळे सुटायला सांधा राहत नाही. त्याआधी खिळे ठोकलेले अ‍ॅम्युनिशन बूट असायचे. त्यांचा तळ शिवलेला आणि ठोकलेला असे. म्हणजे फौजी बूट म्हटला की तळ वरच्या भागाला पक्का कसा धरला आहे, हा पहिला प्रश्न. रिंगा, उंची, काळा रंग हे सगळं त्यानंतरचं. बाजारातल्या नकलेत नेमकं उलटं होतं.

मामा आणखी एक गोष्ट बोलले. "अरे, फौजेत आधी पाय बघतात, मग बूट देतात." पुढे मी थोडं वाचलं, तेव्हा या म्हणण्यामागे केवढा इतिहास आहे ते कळलं. एडवर्ड मन्सन नावाच्या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी सुमारे 2000 सैनिकांचे पाय तपासून 1912 साली सैनिकाचा पाय आणि त्याचा बूट यावर पुस्तक लिहिलं. त्यांनी सुचवलेला फर्मा, म्हणजे ज्यावर बूट घडवतात तो पायाच्या आकाराचा ठोकळा, अमेरिकी लष्करानं स्वीकारला. बोटांच्या जागी रुंद, अंगठा सरळ राहील असा. सैनिकाला बूट देताना त्याच्या पाठीवर 40 पौंडांचं, म्हणजे साधारण 18 किलोंचं ओझं देऊन, एका पायावर भार टाकायला लावून माप घ्यायचं, असा नियम झाला. कारण भार पडला की पाय पसरतो. आपण दुकानात स्टुलावर बसून, पाय हलका ठेवून बूट घालून बघतो आणि कामावर सिमेंटची गोणी उचलतो.

आपल्या पायांची गोष्ट आणखी वेगळी. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभरात 79 ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. भारतीयांचा पाय युरोपी किंवा अमेरिकी पायापेक्षा रुंद असतो, असं त्यातून दिसलं, आणि आपल्यासाठी 'भा' नावाची वेगळी मापपद्धती सुचवली गेली. सध्या दुकानात जो 7, 8, 9 नंबर मिळतो तो ब्रिटिश पद्धतीचा. त्यात एका नंबरानं लांबी तिसरा हिस्सा इंच, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास वाढते. रुंदीची अडचण आपण लांबी वाढवून सोडवतो आणि तिथेच फसतो. माझ्या नखाचं तेच झालं. लहानपणी अनवाणी वाढलेल्यांचे पाय तर पुढून चांगलेच पसरलेले असतात. आमच्या साइटवरच्या निम्म्याअधिक मजुरांचे तसे आहेत.

म्हणून आता बूट घ्यायला मी संध्याकाळीच जातो. दिवसभर उभं राहिल्यावर पाय किंचित सुजलेला असतो, त्यावेळचं माप खरं. कामावर जे मोजे घालतो तेच घालून जातो. दुकानात पहिल्यांदा बुटातला सुखतळा बाहेर काढून जमिनीवर ठेवतो आणि त्यावर उभा राहतो. पायाची कड सुखतळ्याबाहेर गेली तर तो बूट माझा नाही, मग नंबर कोणताही असो. त्यानंतर बूट घालून, नाडी न बांधता पाय पुढे सरकवतो. अंगठा टोकाला टेकल्यावर टाचेमागे एक बोट जेमतेम मावलं पाहिजे. दोन बोटं मावली तर बूट मोठा. मग नाडी आवळून चालतो. टाच उचलते का बघतो. दुकानाच्या पायऱ्या दोन-तीनदा उतरतो, कारण चुकीचा बूट उतारावर कळतो, सपाट फरशीवर नाही. दुकानदार कंटाळला तरी चालेल. "वापरून सैल होईल" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. खरं कातडं रुंदीला थोडं सैल होतं, लांबीला नाही. रंग चढवलेलं कापड तर कशालाच ढिलं होत नाही, ते सरळ तडकतं.

दोन्ही पायांत बूट घालून बघा. बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो. मोठ्या पायाचं माप धरायचं.

टिकाऊपणाचं बघायला चाकू लागत नाही. अंगठ्यानं चामड्यावर जोरात दाबलं की खऱ्या कातड्यावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या उठतात. जिभेच्या आत किंवा वरच्या कडेला जिथे कापलेली बाजू उघडी असते तिथे तंतू आहेत की कापड ते बघा. तळाच्या कडेचा टाका नखानं खरवडून बघा. न शिवलेले, घडवून बसवलेले तळही चांगले असतात. त्यांच्या बाबतीत पुढच्या टोकाला तळ आणि वरचा भाग यांच्या फटीत नख घालून बघायचं. नवा बूट असताना नख शिरलं तर पावसाळ्यात पाणी शिरणारच. मग बूट दोन्ही हातांनी वाकवा. तो चवड्याजवळ वाकला पाहिजे, जिथे आपला पाय वाकतो. मधोमध घडी पडत असेल तर आत आधाराची पट्टी नाही आणि शिडीवर किंवा फावड्यावर पाय दाबताना तळवा भरून येणार. जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली हवी, नाहीतर मुरूम आणि पाणी नाडीच्या फटीतून आत. बाजूची चेन फक्त घालायला सोपी. चिखलात काम असेल तर चेनवाला बूट घेऊच नका.

एक धोका असा आहे की तो बघून कळत नाही, आणि स्वस्ताच्या शोधात आपण त्याच्याकडेच ओढले जातो. हलके, मऊ पीयू तळ, म्हणजे पॉलियुरेथेनचे, हवेतल्या ओलीनं वर्षागणिक आतून कुजत जातात. बूट खोक्यात न वापरता पडून असला तरीही. जुना साठा म्हणून निम्म्या किमतीत घेतलेला कोरा बूट दोन दिवसांत भाकरीच्या चुऱ्यासारखा तळ सोडतो, हे मी आमच्या एका मुकादमाच्या बाबतीत बघितलंय. पुष्कळ कामाच्या बुटांच्या तळावर घड्याळासारखं छोटं वर्तुळ असतं, त्यात बाण आणि वर्ष. तो बनवल्याचा महिना-वर्ष. ते आधी वाचा.

वरून काही पडायची भीती असेल, लोखंड, दगड, शटरिंगचं काम असेल, तर मिलिटरी दिसणारा बूट कामाचाच नाही. तिथे आयएस 15298 या मानकाचा सुरक्षा बूट हवा. त्या मानकाच्या दुसऱ्या भागानुसार बनवलेल्या बुटाची पुढची टोपी 200 ज्यूलचा आघात सोसते, म्हणजे साधारण 20 किलोंचं वजन एक मीटरवरून पडलं तरी बोटं वाचावीत इतका. आयएसआय खुणेसोबत सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर या मोबाइल अ‍ॅपमध्ये तो टाकला की खरा की खोटा ते तिथल्या तिथे कळतं. छापलेली खूण कुणीही छापू शकतो, क्रमांक मात्र तपासता येतो.

बूट चांगला मिळाला तरी तो सांभाळावा लागतो. पहिल्या दिवशी दहा तास घालू नका. घरात तासभर, मग दोन तास, असा आठवडा काढा. रबरी कडेचा बूट असेल तर नवा असतानाच चर्मकाराकडून कडेनं टाके मारून घ्या, शंभर-दीडशे रुपयांत आयुष्य वाढतं. मऊ फोमसारख्या पीयू तळाला मात्र टाके मारू नका, तो टाक्यावरच फाटतो. भिजलेला बूट चुलीजवळ वाळवायची आपल्याकडे फार सवय. त्यानं चामडं कडक होऊन तडकतं आणि चिकटवलेला सांधा सुटतो. चिखल धुवा, सुखतळा काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि सावलीत वाऱ्यावर ठेवा. दोन तासांनी बोळे बदला. मोजे दोन जोड न्या आणि दुपारी बदला. ओला सुती मोजा हेच फोडांचं निम्मं कारण असतं.

सकाळी बूट घालण्याआधी उपडा करून आपटा. कोकणात आणि माणदेशात हे सांगायची गरज नसावी, पण नव्या पोरांना सांगावं लागतं. आम्ही ज्या भागात काम करत होतो तिथून जवळच महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावरच्या उपचाराचं जगानं नोंद घेतलेलं काम केलं. त्या भागात विंचू किती, हे त्यावरून समजावं. आणि मधुमेह असलेल्या माणसानं बुटात हात घालून खडा, खिळा, सुरकुतलेला सुखतळा रोज चाचपून बघावा. मधुमेहात पायाची जाणीव कमी होत जाते. फोड फुटून जखम चिघळली तरी दुखत नाही म्हणून माणूस काम करत राहतो. रोज रात्री तळपाय बघायला घरच्या माणसाला सांगावं.

त्या पावसाळ्यानंतर मी 2300 रुपयांचे बूट घेतले. नंबर 8, पण रुंद फर्म्याचे, साध्या नाडीचे, शिवलेल्या तळाचे, दिसायला अगदी साधे. आज त्यांचा चौथा पावसाळा चालू आहे आणि तळ एकदाच बदललाय, त्याच काकांकडून. एवढे पैसे एकदम काढणं सगळ्यांना जमत नाही, हे मी जाणतो. ज्याला जमत नाही त्यानं हंटर घ्यावा, नीट मापाचा घ्यावा, पण चकाकणाऱ्या नकली चामड्याच्या वाटेला जाऊ नये. आणि वर्षभरात 90 दिवस बांधकामावर काम केलेल्या, 18 ते 60 वयाच्या कामगारानं राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी जरूर करावी. मंडळाकडून मिळणाऱ्या सुरक्षा संचात बूटही असतात.

माझं शेवटचं सांगणं ठेकेदारांना आणि माझ्यासारख्या सुपरवायझरांना आहे. मजुरांना बूट देताना आपण सरसकट 8 आणि 9 नंबरची पोती उतरवतो. बायकांना 4 आणि 5 नंबर लागतो, तो त्या पोत्यात नसतोच. मग त्या चिंध्या कोंबून पुरुषांचे बूट घालतात, नाहीतर अनवाणी घमेली वाहतात. मी आता बूट आणायच्या आदल्या संध्याकाळी, काम सुटल्यावर, प्रत्येकाला वर्तमानपत्रावर दोन्ही पायांवर उभं करतो, पेन्सिलीनं पाय आखतो, नाव लिहितो आणि ते कागद दुकानात नेतो. चाळीस माणसांना तासभर लागतो. पुढच्या वेळी बूट मागवण्याआधी तुम्हीही तो तास काढा.